रोबोटला ओटीपी कोण सांगणार?

दिवाळी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. गावोगाव दंडार, रात्रभर नाटक, घरं पाहुण्यांनी भरलेली. २०२५च्या अशाच दिवसांत साकोलीतल्या एका आपले सरकार सेवा केंद्राचे चालक आणि पुण्याहून आलेली त्यांची भाची यांच्यात वाद जुंपला, आणि नाटकाची घंटा होऊन गेली तरी तो मिटला नाही. दोघांची नावं सांगण्यात हशील नाही. असे मामा आणि अशा भाच्या भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत भेटतील. भाची टेस्टर आहे. एका खासगी विमा कंपनीचं संकेतस्थळ धड चालतं की नाही हे ती तपासते. खरं सांगायचं तर यंत्राला तपासायला लावते. मामा सकाळी केंद्राचं शटर वर करतात आणि रात्रीपर्यंत लोकांच्या वतीने सरकारी पोर्टलांवर लॉगिन करत बसतात.

वाद लॉगिनवरच होता.

त्या दिवसांत केंद्रात दोन रांगा असत. एक धानविक्रीची नोंदणी करायला आलेल्यांची. हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. दुसरी लाडकी बहीण योजनेतल्या बायकांची. १८ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने या योजनेतल्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीचं केलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, कॅप्चा भरायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, परत कॅप्चा, परत ओटीपी. ओटीपी येत नाही, पान मधेच अडकतं, अशा तक्रारी राज्यभरातून येत होत्या. शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

भाचीने लॅपटॉप उघडून आपलं काम दाखवलं. ब्राउझर आपसूक उघडला, अर्जाच्या रकान्यांत अक्षरं भरभर उमटली, बटणं आपोआप दाबली गेली, पावतीचं पान आलं आणि खिडकी मिटली. लगेच दुसरी उघडली. बाजूच्या काळ्या पडद्यावर हिरव्या खुणांची रांग वाढत होती.

मामांनी बराच वेळ पाहिलं. "पण हे लॉगिन कधी केलं वं? मला तर दिसलं नाही."

"प्रत्येक वेळी करत नाही, मामा. सकाळी एकदा होतं. दिवसभर तेच वापरते."

"म्हणजे दारातून आलंच नाही. थेट माजघरात."

भाची हसली, पण टोला नेमका बसला होता. वेबच्या पानाला स्वतःची आठवण नसते. एकामागून एक आलेल्या दोन विनंत्या एकाच माणसाच्या आहेत हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. म्हणून लॉगिन जमलं की तो ब्राउझरच्या हाती एक खुणेचा मजकूर देतो. तीच कुकी. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर ती दाखवतो आणि सर्व्हर ओळख पटवून घेतो. टेस्टर मंडळी ही कुकी फाइलमध्ये साठवून ठेवतात. मायक्रोसॉफ्टने २०२० साली आणलेल्या प्लेराइट या साधनात तर याची आयती सोय आहे: एकदा लॉगिन करा, कुकी आणि ब्राउझरने जवळ ठेवलेला बाकीचा ऐवज फाइलीत उतरवा आणि पुढची प्रत्येक चाचणी ती फाइल घेऊनच सुरू करा. एका लॉगिनला दहा सेकंद धरले, तर हजार चाचण्यांमागे पावणेतीन तास वाचतात. शिवाय लॉगिनचं पान बिघडलं म्हणून हजारच्या हजार चाचण्या लाल होत नाहीत, आणि खरा बिघाड कुठे आहे ते शोधता येतं.

या सोयीची किंमतही असते. ती फाइल म्हणजे पासवर्डच. ज्याच्या हाती पडली तो तुमच्या नावाने आत. टेस्टरांच्या सामायिक कोडसाठ्यात अशी फाइल चुकून गेली तर अनर्थ होतो. दुसरी भानगड अशी की चाचण्या एकाच वेळी समांतर चालतात, आणि बऱ्याच संकेतस्थळांना एका खात्यावर एकच माणूस चालतो. दुसरं लॉगिन झालं की पहिलं बाहेर फेकलं जातं. चाचणी नापास, आणि अर्जात दोष काहीच नाही. म्हणून प्रत्येक समांतर चाचणीला वेगळं खातं द्यावं लागतं.

"हे तर आमचं रोजचंच आहे," मामा म्हणाले. "या टेबलावर लॉगिन केलं की त्या टेबलावरचा पोट्टा ओरडते."

यंत्राकडून ब्राउझर चालवून घेण्याची कल्पना फार जुनी नाही. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीतल्या जेसन हगिन्सने कर्मचाऱ्यांचे कामाचे तास आणि खर्च नोंदवणाऱ्या अंतर्गत प्रणालीच्या तपासणीसाठी एक साधन लिहिलं. त्याचं नाव सेलेनियम. तेव्हा या धंद्यातली बडी कंपनी होती मर्क्युरी, म्हणजे पारा. आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा समजला जातो. (टेस्टर मंडळींचा विनोद साधारण या जातीचा असतो.) पुढे सायमन स्टुअर्टचं वेबड्रायव्हर त्यात मिसळलं, २०११मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती आली आणि जून २०१८मध्ये वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेचं अधिकृत मानक झालं. महाराष्ट्राचाही यात हात आहे. थॉटवर्क्सचं पुण्यात मोठं कार्यालय आहे, आणि हजारो प्रकारच्या खऱ्या फोनांवर, ब्राउझरांवर चाचणी करू देणारी ब्राउझरस्टॅक ही कंपनी २०११ साली आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी सुरू केली. जगभरचे टेस्टर आज तिचे फोन भाड्याने वापरतात.

मामांना या इतिहासात फारसा रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता. "मग ओटीपीची तपासणी तू करते की नाही?"

भाचीने सेलेनियमचंच मार्गदर्शन वाचून दाखवलं. यंत्राकडून काय करून घेऊ नये याची त्यात यादीच आहे. कॅप्चा सोडवणं. जीमेल, फेसबुक यांसारख्या पराया सेवांमधून लॉगिन करणं. दोन टप्प्यांची ओळख, म्हणजेच ओटीपी. हे यंत्राकडून करायला जाऊ नका, चाचणीच्या वातावरणात ते बंद ठेवा, असा त्या यादीचा सरळ अर्थ.

"म्हणजे लोक जिथं अडकतात तेवढं सोडून बाकी सगळं तपासा, असं लिहून ठेवलं आहे?"

"तसं नाही, मामा. कॅप्चा यंत्राला अडवायलाच असतो. माझा रोबोट त्यातून आरामात गेला, तर माझी चाचणी पास आणि कॅप्चा नापास."

हे तिचं म्हणणं खोडता येणारं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला कॅप्चाची कल्पना आकाराला आली तीच मुळी माणूस सहज करील आणि यंत्राला जमणार नाही असं कोडं घालण्यासाठी. म्हणून तर गूगल आपल्या रीकॅप्चासाठी टेस्टरांना खास चाव्या देतं. त्या लावल्या की कोडं नेहमी सुटलेलंच दिसतं. त्या चाचणीच्या साइटवरच वापरायच्या. ओटीपीचंही तसंच. चाचणीच्या वातावरणात एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणेच्या जागी तिचं सोंग घेणारा प्रोग्रॅम बसवतात, किंवा ठरावीक खात्यांना ठरावीक ओटीपी चालतो. फोनवरचं अ‍ॅप दर तीस सेकंदांनी नवा आकडा दाखवतं, त्या प्रकारात तर आकडा काढायचं सूत्र जाहीर आहे. गुप्त किल्ली यंत्राकडे दिली की यंत्रही तोच आकडा काढतं.

"अन् हे बंद केलेलं परत सुरू करायचं राहून गेलं तर?"

"त्यासाठी वेगळी चाचणी लिहितात. खऱ्या साइटवर तो ठरावीक ओटीपी नाकारला गेला पाहिजे. नाही नाकारला, तर साइट सुरूच करायची नाही."

"सगळे लिहितात?"

यावर भाची काही बोलली नाही.

मामांना २०१७ विसरता येत नाही. त्या वर्षी २४ जूनला ३४,०२२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन, सेवा केंद्रांवर पहाटेपासून रांगा. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर व्हावं लागलं. मामांच्या लेखी हे सगळं एकच: "तपासणी न करता लोकांच्या अंगावर सोडून देतात."

इथे भाचीने त्यांना अडवलं, आणि योग्यच केलं. कर्जमाफीचा घोळ दोन ठिकाणच्या माहितीचा होता. विद्यापीठाचा घोळ स्कॅनिंगचा, अपुऱ्या तयारीचा आणि घाईचा. ब्राउझर चालवणारा कितीही हुशार रोबोट असता, तरी तो यातलं काही पकडू शकला नसता. दर बिघाडाला तपासणीची उणीव म्हटलं की तपासणीकडून नेमकं काय मागायचं हेच समजेनासं होतं. रागाच्या भरात मामा इथेच घसरतात, आणि वर्तमानपत्रंही.

पण मग तिनेच त्यांना चांगलं उदाहरण पुरवलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. कोणती योजना कितीला आहे, एवढं पाहायलाही आधी खातं उघडायचं, ओळख पटवायची. लाखो लोक एकदम आले आणि खातं उघडण्याच्या पायरीवरच गर्दी तुंबली. पहिल्या दिवशी किती जणांनी विमा घेऊन काम पूर्ण केलं? सहा. पुढे संसदेच्या समितीसमोर कंत्राटदारांनी सांगितलं की संपूर्ण यंत्रणेची एकत्र तपासणी अखेरच्या दोन आठवड्यांतच झाली. तुकडे आपापल्या जागी तपासले गेले होते. दारातून आत शिरून शेवटच्या पावतीपर्यंत चालत जाणं तेवढं राहून गेलं होतं.

"हे तर तू माझीच बाजू मांडून राहिली," मामा खुलले.

"अर्धी. आता माझी ऐका."

तिची बाजू अशी. मामा म्हणतात तसा, खऱ्या पोर्टलच्या पुढच्या दारातून जाणारा रोबोट बनवणं जगात अनेकांना जमलेलं आहे. ते टेस्टर नाहीत, दलाल आहेत. डिसेंबर २०१७मध्ये सीबीआयने आपल्याच एका सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. रेल्वेची तत्काळ तिकिटं शेकड्याने काढून देणारं सॉफ्टवेअर बनवून विकल्याचा आरोप. जून २०२५मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितलं की तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केली गेली. १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारने प्रमाणित खात्यांनाच मिळू लागलं, १५ जुलैपासून त्यावर ओटीपीही चढला. रकाने भरणं, बटण शोधणं, दाबणं, पुढच्या पानाची वाट पाहणं: दलालाचा प्रोग्रॅम आणि भाचीची चाचणी यांत तांत्रिक फरक जवळजवळ नाही. फरक आहे तो परवानगीचा. वेबड्रायव्हरच्या मानकातच लिहिलं आहे की यंत्राच्या ताब्यातल्या ब्राउझरने आपण यंत्राच्या ताब्यात आहोत हे पानाला सांगितलं पाहिजे. टेस्टर ते लपवत नाही. दलाल पहिल्यांदा तेच लपवतो. आणि मालकाच्या परवानगीवाचून संगणक यंत्रणेत शिरणं हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड.

मग तिने कोविनची, म्हणजे कोरोना लसीच्या नोंदणीच्या पोर्टलची, आठवण काढली. २८ एप्रिल २०२१, दुपारी चार. अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. ओटीपी उशिरा येत होते. शहरातल्या प्रोग्रॅमर पोरांनी रिकामी जागा दिसताच निरोप देणारे प्रोग्रॅम लिहिले, टेलिग्रामवर वाटले. गावच्या लसकेंद्रांवरच्या जागा शहरातले लोक पटकावू लागले. मे महिन्यात पोर्टलवर कॅप्चा बसला. ३१ मे २०२१च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी या पोर्टलवर यायचं कसं.

"तेव्हा तुम्हीच म्हणत होता ना, की रोबोटांना हाकला?"

"म्हणत होतो. अन् हाकलले. पण कुलूप लावलं चोरासाठी, अन् बाहेर राहिली म्हातारी."

इथून पुढे वादाचा सूर बदलला. मामांनी पोर्टलला शिव्या देणं थांबवलं आणि माणसं सांगायला सुरुवात केली. एकीने आयुष्यभर बिड्या वळल्या. अंगठा यंत्रावर ठेवला की यंत्र नाही म्हणतं. एकीचा आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा हैदराबादला कामावर. ओटीपी तिकडे जातो, दहा मिनिटं जिवंत राहतो, आणि मुलगा सुट्टी झाल्याशिवाय फोन उचलत नाही. एकीचं सिम रिचार्जअभावी बंद. एकीचं नाव आधारवर एक, बँकेत दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. आणि एक बाई: नवरा वारलेला, वडील त्याआधीच गेलेले. पोर्टल विचारतं, नवऱ्याचा की वडिलांचा?

ही शेवटची अडचण साकोलीपुरती नव्हती. विधवा, घटस्फोटित, वडील हयात नसलेल्या बायकांचा प्रश्न राज्यभर निघाला आणि मुदतवाढ देताना सरकारला तो मान्य करावा लागला. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश जमा करण्याचा मार्ग त्यांच्यासाठी काढण्यात आला. हा दोष शोधायला सेलेनियम लागत नाही, प्लेराइट लागत नाही. फॉर्म कागदावर काढला असता आणि कुठल्याही केंद्रचालकापुढे ठेवला असता, तर त्याने पहिल्या चहाच्या आत विचारलं असतं: दोघंही नसतील तर?

भाचीने वही ओढली. "मामा, ही टेस्ट केस आहे. ते सिमचंही. आमच्याकडे अशा यादीला किंमत असते. लिहून द्या."

"लिहून देतो. कोणाला देऊ?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि हा सगळ्या वादातला सर्वांत खरा प्रश्न होता. सरकारी संकेतस्थळं तपासलीच जात नाहीत असं मुळीच नाही. साइट सुरू करण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत, २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली, त्यानुसार प्रमाणपत्र देणारी एसटीक्यूसी ही केंद्राची संस्थाही आहे. कुलूप पक्कं आहे की नाही हे पाहणाऱ्यांची रांग लागलेली आहे. हक्काच्या माणसाला ते उघडतं का, हे ज्याला रोज दिसतं त्या केंद्रचालकाची जागा या रचनेत कुठेच नाही.

चाचणीसाठी लागणाऱ्या खोट्या माणसांचाही प्रश्न आहे. खऱ्या माणसाचा आधार क्रमांक घेऊन चाचणी करणं गैर, आणि २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर महागातही पडू शकणारं. आधार प्राधिकरण म्हणून विकासकांना चाचणीची वेगळी यंत्रणा आणि बनावट व्यक्तींचे क्रमांक देतं. ही बनावट माणसं फार गुणी असतात. त्यांचं नाव सगळीकडे एकसारखं, जन्मतारीख पूर्ण, मोबाइल जोडलेला.

"अन् त्यांचं रिचार्ज कधी संपत नाही," मामा म्हणाले.

मराठीची एक खास खोडही इथेच सांगून टाकलेली बरी. 'शेतकऱ्याचे नाव' यातला ऱ्या संगणकावर निदान दोन रीतींनी लिहिला जातो: एक अखंड ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखे. यंत्राला, कोणी मुद्दाम एकरूप करून घेतलं नाही तर, वेगळे. त्यामुळे पडद्यावर बटण ढळढळीत दिसत असताना चाचणी म्हणते बटण सापडलं नाही. आणि अर्जातलं आडनाव आधारवरच्या आडनावाशी जुळत नाही. नावांच्या तुलनेत असा फरक कोणी धरला आहे का, हे पाहणारी चाचणी लिहायला पाच मिनिटं लागतात. बनावट माणसांपैकी चार-दोघांची आडनावं ऱ्याची हवीत, एवढंच.

मग बरोबर कोण?

तंत्रापुरती भाची बरोबर आहे. हजार चाचण्या हजार वेळा ओटीपी मागत बसल्या तर कोणतीच तपासणी वेळेत होणार नाही, आणि चाचणीच्या सोयीसाठी खऱ्या साइटवरचा कॅप्चा सैल केला तर दलालांची दिवाळी. साठवलेली कुकी, सोंगाडी एसएमएस यंत्रणा, वेगवेगळी खाती: ही पळवाट नव्हे, शहाणी रीत आहे. पण हिरव्या खुणांची ती रांग पाहून 'पोर्टल चालतं' असं कोणी म्हणत असेल, तर तिथे मामा बरोबर आहेत. त्या रांगेचा अर्थ एवढाच की आत आलेल्या माणसाचं काम होतं. तो आत आला का, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

दाराची तपासणी वेगळी व्हायला हवी, आणि ती करता येते. संख्येने थोडी, पण खऱ्या फोनवर, खऱ्या सिमवर, दोन-तीन कंपन्यांच्या नेटवर्कवर. आणि पुण्याच्या वातानुकूलित खोलीतून नव्हे, तर लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या खेड्यातून. पोर्टलचा मालकच स्वतःच्या परवानगीने, स्वतःच्या नेमून दिलेल्या खात्यांनी हे रोज करू शकतो. त्यात कायद्याची अडचण नाही. त्याहून सोपी गोष्ट तर चाचणीही नाही, नुसती मोजणी आहे. किती जणांनी ओटीपी मागितला, किती जणांना तो वेळेत पोहोचला, किती जण पहिल्या पानावरून परत गेले, हे आकडे सर्व्हरच्या नोंदींतून काढता येतात. योजनेचे लाभार्थी किती कोटी, हे जाहिरातीत छापायला कोणी विसरत नाही. दारातून परतलेल्यांचा आकडाही त्याच पानावर छापावा.

अंगठ्याचं काय, हे मात्र दोघांनाही सुटलं नाही. ब्राउझरच्या रोबोटला बोट नसतं, आणि बिडी वळून गुळगुळीत झालेलं बोट कोणत्याही सोंगाड्या यंत्रणेत भरता येत नाही. तिथे माणूसच बसवावा लागेल.

बाकी गोष्टींसाठी मंत्रालयातल्या संबंधितांना एक विनंती करता येते. पुढच्या योजनेचा ऑनलाइन अर्ज तारीख जाहीर करण्याआधी आठ दिवस प्रत्येक तालुक्यातल्या एका सेवा केंद्रावर चालवून पाहा. तिथल्या चालकाला त्या आठ दिवसांचं मानधन द्या, तो सांगेल ते प्रसंग लिहून घ्या आणि टेस्टरांच्या हाती द्या. भंडारा जिल्ह्यासाठी अशी सात केंद्रं लागतील.